फी कोणी भरली?

चला, निघू या. या प्रवासात प्रत्येक थांब्यावर तुमचं वय बदलेल, अंगावरचे कपडे बदलतील आणि खिशातला ऐवजही बदलेल. डोकं मात्र आजचंच राहील. तेव्हा कुठेही उतरलात की आधी खिसा चाचपायचा.

मुळशी पेटा, १६ एप्रिल १९२१

रामनवमी आहे. ऊन डोक्यावर आलंय आणि तुम्ही हजारावर मावळ्यांबरोबर धरणाच्या कामावर येऊन बसला आहात. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं. या कपड्यांना खिसा नाही. कनवटीला हात लावून बघा, घडी घातलेला एक कागद लागेल. त्या कागदावर तुमची जमीन गेली आहे. मुळा आणि निळा यांच्या संगमाखाली टाटांची कंपनी बांध घालते आहे. पाणी इथे अडणार, डोंगरापलीकडे कोकणात पडणार आणि तिथे होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार. तुमच्या खोऱ्यातली पन्नासेक गावं या पाण्याच्या वाटेत आहेत.

‘जान किंवा जमीन’ अशी आरोळी उठते. तुम्हीही घसा ताणून ओरडता. गर्दीत पांडुरंग महादेव बापट दिसतात. एडिंबरोला शिकून आलेला हा माणूस तुमच्या पंगतीत मांडी घालून बसतो. याच लढ्यातून पुढे लोक त्यांना सेनापती म्हणू लागतील. पुण्याहून न. चिं. केळकरांसारखी मोठी माणसं येतात, भाषणं करतात. काम थांबतं, पुन्हा सुरू होतं. तीनेक वर्षं हा लढा चालतो आणि धरण होतंच.

पण तुमची आजची नजर त्या कागदावर खिळलेली आहे. तुम्हाला तो वाचता येत नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या आहेत. सावकाराला मोबदल्याची बोलणी कळतात, कायदा कळतो, कचेरीतल्या कारकुनाची भाषा कळते. तो आपला हिशेब करून बाजूला होतो आणि तुम्ही कुळं धरणावर बसून राहता. जमीन ज्याच्या घामाची त्याच्या हाती कागद आहे, पण कागदाचा अर्थ दुसऱ्याच्या हाती. देशातल्या धरणविरोधी लढ्यांमधला हा अगदी सुरुवातीचा लढा. तो हरण्याची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक तुमच्या कनवटीला आहे.

त्याच वर्षी पुण्यात टिळकांच्या नावाने महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. त्याआधी दोन वर्षं, १९१९ साली, कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. मुळशीच्या मावळ्याला या दोन्हींची खबर नाही. तुम्हाला मात्र पुढचा थांबा रयतेच्या मुलखातच घ्यायचा आहे.

सोनहिरा खोरं, १९५०चं दशक

आता तुम्ही नऊ-दहा वर्षांचे आहात. अर्धी चड्डी, मागे ठिगळ. खिशात चतकोर भाकरी आणि खडूचा तुकडा. गाव सोनसळ, आताच्या सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातलं. पाऊस इथे येतो न येतो. शाळू पिकला तर पिकला, नाहीतर माणसं ऊसपट्ट्याकडे किंवा मुंबईकडे निघतात. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीत धो धो पडणारा पाऊस इथे पोचेपर्यंत दमलेला असतो.

वर्गात शेजारी बसलाय तो मुलगा नीट बघून घ्या. ८ जानेवारी १९४४चा जन्म, नाव पतंगराव श्रीपतराव कदम. गावातली शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर रोज काही मैल पायपीट करून शेजारच्या गावी जायचं आणि हायस्कुलासाठी कुंडलच्या बोर्डिंगात राहायचं. कुंडल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं गाव. दहाच वर्षांपूर्वी या टापूत इंग्रजांचं राज्य कुणी जुमानत नव्हतं. इथल्या पोरांना पुढाऱ्याचा रुबाब कुणी शिकवावा लागत नाही, तो त्यांनी घरच्या ओसरीवर पाहिलेला असतो.

सोनसळचा पहिला मॅट्रिक म्हणून या मुलाचं नाव पुढे सांगितलं जाईल. मॅट्रिकनंतर तो साताऱ्याला रयतेच्या शिवाजी कॉलेजात जातो, तिथे ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. तुम्हीही त्याच्याबरोबर नाव घाला. पहाटे उठायचं, शेतात नाहीतर बांधकामावर काम करायचं आणि मग वर्गात बसायचं. हाताला घट्टे पडतात, ते पेन धरताना दुखतात. इथे कुणी तुमच्याकडे फीचे पैसे मागत नाही, काम मागतात.

जरा आजच्या डोक्याने हिशेब मांडा. या कॉलेजाचा खर्च कुठून आला? भाऊरावांनी गावोगाव फिरून मदत गोळा केली. बाया रोजच्या दळणातली धान्याची एक मूठ बाजूला काढायच्या, त्यावर बोर्डिंगं चालायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. तिकडे मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांची फी माफ केली. म्हणजे थोडं पोराच्या घामाने, थोडं गावाच्या धान्याने, थोडं सरकारच्या तिजोरीने. तिघांनी मिळून एका मुलाला वर काढलं. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुणे, १९६१ ते १९६४

एस.टी.तून उतरलात. तुम्ही सतरा-अठराचे आहात. हातात पत्र्याची ट्रंक, खिशात गावाकडच्या ओळखीच्या माणसाचा पत्ता. वर्ष १९६१. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. शहर स्वतःच चिखलातून वर येत असताना गावाकडची पोरं इथे खोली शोधत फिरतात.

पतंगराव अध्यापनाची पदविका करतात आणि हडपसरला साधना विद्यालयात अर्धवेळ शिक्षक होतात. ही शाळाही रयतेचीच. पुढे ते कायद्याची पदवी घेतील आणि शैक्षणिक प्रशासनावर पुणे विद्यापीठाची पीएच.डी.ही मिळवतील. तुम्ही त्यांच्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून बघा. समोरची मुलं शेतकऱ्यांची, माळ्यांची, कामगारांची. मराठी, इतिहास, नागरिकशास्त्र यांत ती बरी आहेत. इंग्रजी आणि गणिताचा तास आला की मान खाली जाते. मॅट्रिकला नापास होणाऱ्यांची यादी काढली तर याच दोन विषयांवर बोट जातं. तालुक्याच्या गावात या विषयांना धड शिक्षक मिळत नाही. शहरातला मुलगा शिकवणी लावतो, खेड्यातला पोरगा पुन्हा शेतात.

१० मे १९६४. पतंगराव वीस वर्षांचे आहेत. इमारत नाही, जमीन नाही, देणगीदार नाही, तरी ते संस्था काढतात आणि नाव ठेवतात भारती विद्यापीठ. तुम्ही तिथे असाल तर हसाल. वीस वर्षांचा अर्धवेळ मास्तर आणि विद्यापीठ! पण पहिलं काम बघा, ते अगदी बेताचं आहे: शाळकरी मुलांसाठी इंग्रजी आणि गणिताच्या परीक्षा घ्यायच्या. वर्ग भरवायला इमारत लागते, परीक्षेला प्रश्नपत्रिका, टपाल आणि शाळांशी ओळख पुरते. गावोगावच्या शाळांमधून मुलं बसतात. शाळेला निकाल सुधारायचा असतो, पालकाला प्रमाणपत्र हवं असतं आणि संस्थेचं नाव गावागावात पोचतं. या मास्तरचं डोकं कसं चालतं हे इथेच कळतं. जिथे लोकांची नड आहे तिथेच तो दार उघडतो.

महिना संपण्याआधी, २७ मे रोजी, पंडित नेहरू गेले. जुलैत केंद्र सरकारने कोठारी आयोग नेमला. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करावा, असं आयोगाने १९६६ साली सांगितलं. तो आकडा पुढच्या प्रत्येक धोरणात येत राहिला आणि प्रत्यक्षात कधी आला नाही. सरकारने जे दार अर्धंच उघडलं त्याच्या बाजूला कुणीतरी दुसरं दार काढणार, हे ठरलेलंच होतं.

एस.टी. स्टँड, १९६८

आता तुम्ही पंचविशीचे, मॅट्रिक पास, बेकार. खिशात अर्जाची नक्कल आणि एक चिठ्ठी. पतंगराव एस.टी. महामंडळावर सदस्य म्हणून गेलेत. वय चोवीस.

एस.टी.चं महत्त्व आज मोबाइलवर गाडी बोलावणाऱ्याला कळणार नाही. गावाला गाडी येणं म्हणजे आजारी माणूस दवाखान्यात पोचणं, दूध डेअरीत पोचणं आणि मुलगी हायस्कुलात पोचणं. बापाला बांधावरून दिसेल इतक्याच अंतरावर जिचं शिक्षण थांबायचं, ती मुलगी पास काढून तालुक्याला जाऊ लागते. शिवाय एस.टी. म्हणजे नोकरी: कंडक्टर, ड्रायव्हर, वर्कशॉपात मेकॅनिक. ज्या घरात एक खाकी गणवेश आला त्या घरातली पुढची पिढी शिकली. दुष्काळी पट्ट्यातल्या शेकडो घरांची गोष्ट अशीच आहे.

तुमची चिठ्ठी लागली तर तुम्ही जन्मभर त्या माणसाचे. याला कुणी उपकार म्हणतं, कुणी वशिला. आजच्या डोक्याला यात काळंबेरं दिसेल. पण त्या स्टँडवर उभे राहून बघा, तुमच्यासारख्याला नियमाने दार उघडलं असतं तर चिठ्ठी लागली असती का? पुढारी जन्माला येतो तो याच फटीतून. संस्था काढणारा मास्तर आणि नोकरी लावणारा सदस्य ही दोन माणसं आता एकच होऊ लागतात.

पुणे, १९८३

आता तुम्ही बाप आहात. मुलाला बारावीला चांगले गुण आहेत, पण ‘चांगले’ पुरत नाहीत. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी कॉलेजाची यादी लागली आणि त्याचं नाव थोडक्यात हुकलं. मुंबईला व्हीजेटीआय, सांगलीला वालचंद. राज्यभरातल्या जागा हातावर मोजाव्यात इतक्या. ज्यांच्याकडे पैसा आहे ते मुलाला कर्नाटकात धाडतात. मणिपाल, दावणगेरे, गुलबर्गा ही नावं मराठी घरांत पाठ झालेली आहेत. डोनेशन भरायचं, वर चार वर्षं परमुलखात राहण्याचा खर्च.

याच वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचं सरकार विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी देतं. आपला पैसा आणि आपली पोरं परराज्यात का जावीत, हा त्यामागचा रोकडा सवाल. सरकार पैसे देणार नाही, संस्थेने इमारत बांधावी, शिक्षक नेमावेत आणि विद्यार्थ्यांच्या फीतून खर्च भागवावा. अर्ज करणाऱ्यांत पुढे कोण? ज्यांच्याकडे नोंदणी झालेली संस्था, मंत्रालयात ओळख आणि जमीन मिळवण्याची हिंमत आहे ते. विश्वनाथ कराड, डी. वाय. पाटील, दत्ता मेघे ही नावं याच काळातली. पतंगरावांची संस्था तर एकोणीस वर्षं जुनी. तिचं विधी महाविद्यालय १९७८पासून चालू होतं. १९८३ला अभियांत्रिकी, १९८९ला वैद्यकीय. धनकवडीचा डोंगरउतार बघता बघता इमारतींनी भरतो.

खिसा चाचपा. तिथे आता बँकेचा ड्राफ्ट आहे. त्यासाठी तुम्ही सोसायटीचं कर्ज काढलंय, कदाचित बांधाकडेचा तुकडाही विकलाय. ऑफिसात ड्राफ्ट देऊन पावती घेता. मुलगा इंजिनिअर होणार या आनंदात परतीच्या गाडीत बसता आणि कात्रजच्या घाटात एक गोष्ट लक्षात येते. साताऱ्यात त्या पोराचा खर्च तिघांनी वाटून घेतला होता. इथे गावाची मूठ नाही, सरकारची तिजोरी नाही, पोराचा घामही चालत नाही. सगळा भार एकट्या बापावर.

या धोरणाला शिव्या घालणं सोपं आहे, आणि घातल्या गेल्याही. वर्तमानपत्रांनी ‘शिक्षणसम्राट’ म्हणून हिणवलं. राज्याने १९८७ साली कॅपिटेशन फीबंदीचा कायदा केला. १९९२ साली मोहिनी जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली, १९९३ साली उन्नीकृष्णन निकालात मोफत जागा आणि पैसे भरून जागा अशी विभागणी घालून दिली. २००२च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत काढली, २००५ला पुण्याच्याच पी. ए. इनामदारांच्या नावाचा निकाल आला. वीस वर्षं न्यायालय आणि संस्थाचालक यांची दोरीखेच चालू राहिली. पण दुसरी बाजूही खरी आहे. १९९०नंतर पुण्यात, हिंजवडीत सॉफ्टवेअरचा धंदा उभा राहिला तेव्हा त्याला हजारोंनी इंजिनिअर मिळाले, ते या विनाअनुदानित वर्गांतून. त्यांत कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूरची पोरं भरपूर होती. सरकारच्या भरवशावर बसलो असतो तर ती पोरं बारावीनंतर काय करत असती, याचं उत्तर टीकाकारांकडेही नव्हतं.

वांगी, १९८५

मतदानाचा दिवस. तुम्ही रांगेत आहात, खिशात घडी घातलेली मतदाराची चिठ्ठी. मतदारसंघ भिलवडी-वांगी. पतंगराव अपक्ष उभे आहेत. १९८०ला ते इथून अगदी थोड्या मतांनी पडले होते. पाच वर्षं त्यांनी तो पराभव गावोगाव फिरून फेडला.

रांगेत पुढचा म्हणतो, “साहेबांनी माझ्या भावाला भारतीत लावलं.” मागचा म्हणतो, “आमच्या पोरीची ॲडमिशन साहेबांमुळं.” कुणी योजनेवर बोलत नाही, पक्षावर तर नाहीच. संस्था हाच इथला पक्ष आहे. तिच्यात शिपाई, क्लार्क, प्राध्यापक म्हणून याच गावांची माणसं आहेत. ती सुट्टीला येतात तेव्हा प्रचारक होतात. साहेब निवडून येतात.

पुढचा प्रवास भरभर करू, कारण पदांची यादी वाचून कुणाचं भलं होत नाही. ते काँग्रेसमध्ये रमले, शिक्षण खात्याचे राज्यमंत्री झाले. १९९५ला पडले. १९९९ला पुन्हा निवडून आले आणि मग मंत्रिमंडळातला त्यांचा मुक्काम मोठा झाला: उद्योग, सहकार, महसूल, वने. मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव अनेकदा चर्चेत आलं, पद आलं नाही. भाषण रांगडं, विनोद गावच्या पारावरचे. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी त्यांनी जोर लावला, वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा केला. ज्या खोऱ्यात शाळूसुद्धा नशिबाने पिकायचा तिथे ऊस उभा राहिला. मुळशीत पाणी वर अडवून पलीकडे नेलं, इथे खालून उचलून वर आणलं. दोन्हीकडे पाणी गेलं ते ज्याची मंत्रालयात वट त्याच्याकडे.

धनकवडी, १९९६ ते २०१८

२६ एप्रिल १९९६. भारती विद्यापीठाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळतो. वीस वर्षांच्या मास्तराने जे नाव पाटीवर लिहिलं होतं ते बत्तीस वर्षांनी कायद्याने खरं होतं. गंमत म्हणजे त्या वेळी पतंगराव आमदारही नाहीत, आदल्याच वर्षी मतदारांनी त्यांना घरी बसवलंय. संस्था राजकारणावर उभी राहिली असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. तोवर संस्था राजकारणाहून मोठी झाली होती.

९ मार्च २०१८ला मुंबईच्या लीलावती रुग्णालयात पतंगराव गेले. वांगीला अंत्यसंस्कार झाले तेव्हा लोटलेल्या गर्दीत तुम्ही उभे आहात. कडेला एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, पलीकडे प्राध्यापक, मागे परदेशातून आलेले इंजिनिअर. सगळ्यांना वाटतं, आपल्या घराला यांनी हात दिला. काही आठवड्यांत पोटनिवडणूक लागते आणि चिरंजीव विश्वजीत कदम बिनविरोध निवडून येतात. संस्थेचा कारभारही कुटुंबातच राहतो.

इथे तुमच्या मनात साताऱ्याचं कॉलेज येणं साहजिक आहे. भाऊरावांची संस्था रयतेच्या मुठीवर उभी राहिली म्हणून रयतेची राहिली. पतंगरावांची संस्था त्यांच्या धडाडीवर आणि पालकांच्या फीवर उभी राहिली. पहिली वाट त्यांना वर घेऊन आली, दुसरी त्यांनी स्वतः बांधली. त्यांच्या कर्तृत्वाचं माप घ्यायचं तर इमारती मोजून चालणार नाही, मंत्रिपदं मोजून तर नाहीच. खिशात चतकोर भाकरी असलेला मुलगा आज त्या फाटकातून आत जाऊ शकतो का, एवढाच सवाल आहे. माझं उत्तर असं की काही फाटकांतून जाऊ शकतो, काहींतून नाही. कुठून जाता येतं हे त्याला कुणी सांगत नाही.

लवळे, मुळशी तालुका, आज

शेवटचा थांबा. आता तुम्ही तुमच्याच वयाचे, तुमच्याच कपड्यांत. पिरंगुटवरून आत वळून लवळ्याला आलात. डोंगरावर सिम्बायोसिसचं विद्यापीठ, जवळच फ्लेम विद्यापीठ आणि इथेच भारती विद्यापीठाचं एक अभियांत्रिकी महाविद्यालय. शंभर वर्षांपूर्वी ज्या तालुक्यातल्या मावळ्याला मोबदल्याचा कागद वाचता येत नव्हता तिथे देशभरातून मुलं शिकायला येतात. तालुक्यातल्या कितीतरी जमिनी आता बंगल्यांना आणि कॅम्पसांना गेल्यात. विकणाऱ्यांच्या नातवंडांतली काही त्या कॅम्पसांत वॉचमन आहेत, काही मेस चालवतात. विद्यार्थी म्हणून आत किती आहेत, हे प्रत्येक गावाने आपापलं मोजावं.

खिशात हात घाला. या वेळी तिथे तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला आहे. हा कागद वाचून घ्या, कारण तो वाचता आला नाही तर पुन्हा १९२१चीच गत. राज्य सरकारने २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या इतर मागासवर्ग, सामाजिक आणि शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. पण दोन अटी बारीक अक्षरांत आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत.

याचा अर्थ उघड आहे. एकाच संस्थेची दोन अभियांत्रिकी महाविद्यालयं असतात. धनकवडीचं अभिमत विद्यापीठातलं, तिथे ही सवलत लागत नाही. लवळ्याचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न, तिथे केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतला तर लागते. पाटी एकच, संस्थापकाचा फोटो एकच, पण मुळशीतल्या शेतकऱ्याच्या मुलीला एका फाटकावर पूर्ण फी आणि दुसऱ्या फाटकावर माफी. साताऱ्यात तिघांनी वाटून घेतलेल्या खर्चातला सरकारचा वाटा अजून शिल्लक आहे, फक्त तो शोधावा लागतो.

तेव्हा घरात, भावकीत, गल्लीत यंदा बारावीला बसलेली मुलगी असेल तर निकालाची वाट बघत बसू नका. आपल्या तालुक्याच्या तहसील कचेरीतून (मुळशीत असाल तर पौडच्या) उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आत्ताच काढा, जातीचं किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र तयार ठेवा. पर्याय भरताना प्रत्येक कॉलेजापुढे एकच गोष्ट विचारा: संलग्न की अभिमत? प्रवेश झाला की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज मुदतीत भरा आणि त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचा, एजंटाकडून ऐकू नका. गावात कॅम्पस असेल तर ग्रामसभेत ठराव करून स्थानिक मुलांना काय सवलत देता हे लेखी मागा. आणि कॉलेज काढलेला पुढारी मत मागायला दारात आला, तर किती इमारती बांधल्या हे विचारू नका. आपल्या गावातल्या किती मुलांची फी संस्थेने भरली, एवढंच विचारा.